थोरांचीं चरित्रें वाचावीं कशीं?

सुशिक्षित कुटुंबाच्या पुस्तकांच्या कपाटांत थोर पुरुषाचें एखादें तरी चरित्र नाहीं, असें क्वचितच आढळेल. शाळेच्या बक्षिससमारंभांत मुलाला मिळालेलें, मुंजीला कोणा आप्तानें दिलेलें, नाहींतर प्रवासांत वेळ जावा म्हणून घेतलेलें असें तें पुस्तक असतें. तें वाचून होतांच दोन दिवस मन भारलेलें राहतें. पहाटे उठण्याचे, रोजनिशी लिहिण्याचे, वायफळ गप्पा सोडण्याचे निश्चय होतात. तिसऱ्या दिवशीं नेहमींचा व्यवहार सुरू होतो, आणि आठवड्याच्या अखेरीस 'तीं माणसेंच निराळीं. आपल्यासारख्यांचें तें काम नव्हे' एवढाच विचार मागें उरतो. ज्या पुस्तकानें उभारी द्यावयाची, त्यानेंच हात टेकावयास लावावे, हा प्रकार विचार करण्याजोगा आहे.

याचें एक कारण वाचण्याच्या रीतींत सांपडतें. चरित्र हातीं घेणारा मनुष्य नायकाच्या आयुष्याचा शेवट आधींच जाणत असतो. तो पुतळा, ती पदवी, रस्त्याला दिलेलें तें नांव त्यानें पाहिलेलें असतें. मग पहिल्या पानावरील लहान मुलाच्या कपाळींहि त्याला तोच लेख दिसूं लागतो. मुलानें आंबा वांटून खाल्ला तर ती भावी त्यागाची खूण. मूल परीक्षेंत नापास झालें तर तें दैवाचें कौतुक! अशा वाचनांत एक साधी गोष्ट विसरली जाते, ती ही कीं, पुढें काय होणार हें खुद्द नायकाला ठाऊक नव्हतें. चरित्राचा खरा उपयोग या न ठाऊक असण्यांतच आहे; कारण वाचकालाहि स्वतःच्या आयुष्याचें पुढचें पान दिसत नसतें.

ही गोष्ट पडताळून पाहण्यास महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्याइतकें सोयीचें उदाहरण मराठींत मिळणें कठीण. सोयीचें अशासाठीं कीं, त्या एकाच घराची हकीगत तिघांनीं सांगून ठेवली आहे. कर्व्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' १९२८ सालीं निघाली, आणि पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचें 'माझें पुराण' १९४४ सालीं बाहेर आलें. एकच उंबरठा, पण त्यावरून तिघांना तीन निरनिराळे देखावे दिसले. तीं तिन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचणाऱ्याला थोरवी म्हणजे काय, आणि तिच्यांतून आपण काय घ्यावें, या दोन्ही प्रश्नांचा बराच उलगडा होतो.

प्रथम शेवट सांगून टाकावा, म्हणजे तो बाजूला ठेवतां येतो. १९५५ सालीं कर्व्यांना पद्मविभूषण आणि १९५८ सालीं, वयाला शंभर वर्षें पूर्ण झालीं तेव्हां, भारतरत्न हा मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं, एकशें चार वर्षांचें आयुष्य भोगून ते निवर्तले. आतां हें सारें विसरून १८७५ सालाकडे वळावें. दापोली तालुक्यांतील मुरुड गांवचा सतरा वर्षांचा एक मुलगा शाळाखात्याची परीक्षा देण्यास निघाला आहे. समुद्रमार्गानें मुंबईस जाणें पावसापाण्यामुळें साधलें नाहीं, म्हणून बरोबरच्या मुलांसह तो सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्याची वाट धरतो. शंभराहून अधिक मैलांची ती चाल, आणि तीहि घाटांतून. साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षकांनीं त्याच्याकडे पाहिलें, आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाहीं, असें म्हणून त्याला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. आला तसा तो परत गेला.

ही हकीगत मुलांना पुष्कळदां सांगितली जाते, आणि तिचें तात्पर्य 'चिकाटी' या एका शब्दांत उरकलें जातें. परंतु पुढच्या तारखा तितक्या आवर्जून कोणी सांगत नाहीं. धोंडोपंत मॅट्रिक झाले ते १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं. गणित घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले १८८४ सालीं, तेव्हां ते सव्वीस वर्षांचे, विवाहित आणि एका मुलाचे बाप होते. शिकत असतां शिकवण्या करून त्यांना खर्च भागवावा लागे. स्वभाव तर असा लाजाळू कीं, चार माणसांपुढें उभें राहून बोलणें म्हणजे त्यांना संकट वाटे. ज्या घरांत मुलाचें एक वर्ष फुकट गेलें म्हणून आज सुतकी चेहरे दिसतात, त्या घरांत या तारखा मोठ्यानें वाचण्याजोग्या आहेत. चरित्र वाचतांना प्रत्येक प्रसंगापाशीं समासांत नायकाचें त्या वेळचें वय लिहीत जावें. एवढ्या एका संवयीनें पुस्तकाचा रंग पालटतो. वाचकाला घाई कमी वाटूं लागते, आणि आळसाला सबबहि उरत नाहीं.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे कामाचें माप. थोरांचीं कामें मोठीं दिसतात तीं साठून मोठीं झाल्यावर. आरंभीं तीं किती लहान असतात, तें मुरुड फंडाच्या गोष्टीवरून कळतें. नोकरीधंद्यासाठीं गांव सोडून गेलेल्या मुरुडकरांनीं आपल्या मिळकतींतून दर रुपयामागें एक पैसा गांवच्या कामासाठीं द्यावा, अशी ती योजना होती. त्या वेळच्या रुपयाला चौसष्ट पैसे होते. दरमहा तीस रुपये मिळविणाऱ्या कारकुनाला ही वर्गणी साडेसात आणे पडे. कोणाच्याहि संसाराला ती जाचणार नाहीं, आणि कोणालाहि 'माझी ऐपत नाहीं' असें म्हणतां येणार नाहीं, असें तें माप होतें. या वृत्तीचें बीजहि गांवांतलेंच. मुरुडच्या शाळेंतील सोमण मास्तर गांवकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचें काम या मुलाकडे सोंपवीत. सार्वजनिक कामाची गोडी लागली ती एका खेड्यांतील शिक्षकाच्या सहवासांत. त्या शिक्षकाचें नांव मोठ्या इतिहासांत शोधूनहि सांपडणार नाहीं. चरित्रांतील अशा दुय्यम माणसांकडे वाचकानें अवश्य लक्ष द्यावें. कारण बहुतेकांच्या वांट्याला येण्याजोगी भूमिका सोमण मास्तरांची असते, आणि ती हलकी मुळींच नव्हे.

तिसरी गोष्ट वळणांची. १८९१ सालीं कर्व्यांची प्रथम पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच सालीं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. तेहतीस-चौतीस वर्षांच्या विधुरानें दहाबारा वर्षांच्या मुलीशीं लग्न लावावें, ही त्या काळची रूढी होती. कर्व्यांनीं ठरविलें कीं, लग्न करावयाचें तर विधवेशींच. त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षीं लग्न होऊन कांहीं महिन्यांतच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईंत शारदा सदन काढलें, तेव्हां तेथें शिकावयास आलेली पहिली विधवा तीच. ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यास हा विवाह झाला, आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. मुरुडकरांनीं सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. त्याचा जाच मुरुडास राहणाऱ्या आईला आणि भावालाहि सोसावा लागला.

पुष्कळ चरित्रलेखक येथें पडदा पाडून टाळ्यांची वाट पाहतात. पण कर्व्यांच्या आयुष्यांतील अधिक शिकण्याजोगा भाग यानंतरचा आहे. पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी एक मंडळी त्यांनीं १८९३ सालींच उभी केली. तिचें काम करतांना त्यांना दिसून आलें कीं, पुनर्विवाहास धजणाऱ्या स्त्रिया थोड्या. बाकीच्या असंख्य विधवांना पुनर्विवाहाच्या उपदेशानें कांहींच मिळत नाहीं. त्यांना पायांवर उभें करील असें शिक्षण हवें. म्हणून १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम निघाला. १९०० सालीं तो गांवाबाहेर हिंगणें येथें गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जमिनीवर एक झोंपडी उभी राहिली, एवढेंच काय तें वैभव. कॉलेजांतील तास संपल्यावर कर्वे सुमारें चार मैलांची ती चिखलाची वाट तुडवीत हिंगण्यास जात आणि तेथील मुलींना शिकवीत. आश्रमांत ठेवलेल्या मुलीचा पुनर्विवाह लावून देतील, अशी भीति आईबापांना वाटूं नये म्हणून पुनर्विवाहाच्या मंडळींतील कामापासून ते दूर झाले. ज्या कृत्यासाठीं स्वतः बहिष्कार सोसला, तेंच पुढच्या कामाच्या आड येऊं लागलें, तेव्हां त्याचा अभिमान बाजूला ठेवणें, हें लग्नापेक्षांहि कठीण होतें. आपण पूर्वीं काय केलें यापेक्षां आज कशाची गरज आहे, हें पाहण्याची संवय त्यांना होती. चरित्रांतून घेण्याजोगी वस्तु ती हीच.

स्फूर्ति केव्हां येते, याविषयींहि या आयुष्यांत एक मौजेचा दाखला आहे. जपानांत नारुसे जिन्झो या गृहस्थानें १९०१ सालीं टोकियो येथें स्त्रियांचें विद्यापीठ स्थापन केलें. त्या संस्थेची माहिती देणारें एक लहानसें पुस्तक टपालानें कर्व्यांच्या हातीं आलें. त्यांनीं तें चाळलें आणि ठेवून दिलें. इतकें मोठें काम आपल्याकडे कोठून व्हावें, असें वाटून तो विषय तेथेंच राहिला. पुढें १९१५ सालीं मुंबईस भरावयाच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. भाषणांत काय सांगावें या विवंचनेंत असतां तें पुस्तक पुन्हां हातीं आलें, आणि या वेळीं त्यांतील प्रत्येक पान त्यांना वेगळें वाटलें. १९१६ सालीं महिला विद्यापीठ सुरू झालें. त्याचें शिक्षण मातृभाषेंतून होतें, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्गांतील मुली बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० सालीं आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव मिळालें. तें आजहि मुंबईंत चालू आहे. पुस्तक तेंच होतें, वाचणारा तोच होता. मधल्या काळांत त्यानें हिंगण्याची वाट तुडविली होती आणि अडचणी सोसल्या होत्या, म्हणून त्याला आतां नेमका प्रश्न पडला होता. प्रश्न घेऊन वाचणाऱ्यालाच चरित्र उत्तर देतें. एकदां वाचून निष्फळ ठरलेलें पुस्तक म्हणूनच टाकून देऊं नये.

येथवर एका बाजूची हकीगत झाली. आतां 'माझें पुराण' उघडावें. तेथें तेंच घर स्वयंपाकघराच्या दारांतून दिसतें. पति आपला वेळ, पगार आणि मन संस्थेला देत असतां घरांतील मुलांना दूध कोठून आणावयाचें, ही विवंचना कोणाची होती, हें त्या पुस्तकावरून कळतें. आयुष्याच्या विम्याची रक्कमहि कर्व्यांनीं संस्थेच्या नांवें केली, तेव्हां पाठीमागें काय होईल ही चिंता पत्नीच्या वांट्याला आली. स्वतः कांहीं मिळवितां यावें म्हणून आनंदीबाईंनीं नागपुरास जाऊन सुइणीचें शिक्षण घेतलें. पण सर्वांत बोंचणारी गोष्ट निराळीच होती. पुनर्विवाह केलेली स्त्री आश्रमांत वावरतांना दिसली तर मुलींचे आईबाप बिचकतील, या भयानें त्यांना बरींच वर्षें आश्रमापासून दूर राहावें लागलें. ज्या विधवेच्या हातून संस्थेच्या कल्पनेला बळ मिळालें, तिलाच त्या संस्थेचें दार मोकळें नव्हतें. तरीहि त्यांनीं पुढें संस्थेसाठीं वर्गणी गोळा केली.

हें वाचून कर्व्यांची थोरवी उणी होते काय? तसें वाटण्याचें कारण नाहीं. आश्रमांत शिकून शहाण्या झालेल्या मुली खऱ्या होत्या, आणि घरांतली ओढाताणहि खरी होती. उलट, एकाच पुस्तकावर विसंबणाऱ्या वाचकाची मोठी फसगत होते. त्याला वाटतें, मोठें काम एकटा मनुष्य आपल्या मनोबलावर करतो. मग तो स्वतः कांहीं करूं जातो, तेव्हां त्याची भाकरी कोण भाजते, त्याच्या मुलाचा अभ्यास कोण घेतें, त्याच्या आजारी आईपाशीं रात्रीं कोण जागतें, हें त्याच्या लक्षांत येत नाहीं. थोरांचें अनुकरण म्हणून घरोघर जो त्याग होतो, त्यांतील पुष्कळसा दुसऱ्याच्या पदरचा असतो. ही चूक टाळावयाची तर प्रत्येक चरित्राला एक प्रश्न विचारावा: या कामाची किंमत कोणीं भरली, आणि भरणाऱ्याला कोणीं विचारलें होतें काय? ज्या पुस्तकांत याचें उत्तर नाहीं, तें पुस्तक अपुरें समजावें आणि दुसऱ्या कोणाची साक्ष काढावी.

तिसरें पुस्तक या दोहोंहून वेगळें आहे, आणि उत्साह गमावलेल्या वाचकाला कदाचित् तेंच अधिक धीर देईल. पार्वतीबाई आठवले या आनंदीबाईंच्या धाकट्या बहीण. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्या विधवा झाल्या. पदरीं एक मुलगा. बहिणीच्या आधारानें त्या पुण्यास आल्या आणि प्रौढपणीं शिकावयास बसल्या. बहिणीचें उदाहरण डोळ्यांसमोर असूनहि त्यांनीं पुनर्विवाह केला नाहीं. त्यांनीं निवडलेलें काम होतें आश्रमाची व्यवस्था पाहण्याचें आणि त्यासाठीं गांवोगांव हिंडून पैसा जमविण्याचें. १९१८ सालीं, पन्नाशीच्या घरांत आल्या असतां, इंग्रजीचें ज्ञान अगदीं बेताचें असूनहि त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं पोट भरलें, भाषा शिकली, आणि दोन वर्षांनीं त्या परत आल्या. मेहुण्याच्या कार्यानें त्यांना प्रेरणा दिली यांत शंका नाहीं. पण त्या प्रेरणेनें धरलेली वाट सर्वस्वीं त्यांची स्वतःची होती.

कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचेंहि तसेंच. वडिलांच्या संस्थेंत न रमतां त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें, आणि १९२७ पासून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. लोकनिंदेची पर्वा न करण्याचा गुण बापाकडून मुलाकडे आला. कामाचा नमुना आला नाहीं. दिव्यानें दिवा लागतो, पण प्रत्येक दिव्याचें तेल आणि वात ज्याची त्याचीच असते. कोणी कर्वे वाचून आश्रम काढावा असा त्याचा अर्थ नाहीं. आपल्या आळींत, कचेरींत, सोसायटींत कोणती गरज उघड दिसत असूनहि सगळे तिच्याकडे पाठ फिरवून बसले आहेत, हें ओळखण्याची नजर त्या वाचनानें यावी.

मुलांच्या हातीं चरित्र देणाऱ्या वडील माणसांनीं हें ध्यानांत ठेवावें. 'पाहा, तो कसा होता, आणि तूं!' अशा तुलनेसाठीं चरित्राचा उपयोग केला म्हणजे मुलाच्या मनांत त्या थोर पुरुषाविषयीं कायमची अढी बसते. त्याऐवजीं मुलाबरोबर बसून हिशेब मांडावा. हा प्रसंग घडला तेव्हां त्याचें वय काय होतें? खिशांत किती पैसे होते? पहिलें पाऊल केवढें होतें? कोण मदतीला होतें, आणि त्रास कोणाला झाला? बेत कोठें फसला, आणि फसल्यावर त्यानें काय बदललें? अशा प्रश्नांनीं पुतळा चौथऱ्यावरून खालीं उतरतो, आणि शेजारीं बसून बोलूं लागतो. घरांत तिन्ही पुस्तकें असतील तर तीं तिघांनीं वाचावीं, आणि जेवणाच्या वेळीं आपापल्या पुस्तकाची बाजू मांडावी. वाद होईल, तो व्हावाच.

१९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, कर्व्यांनीं खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं एक नवें मंडळ काढलें. विद्यापीठ उभें करून झालें होतें, जगाचा प्रवास झाला होता. विश्रांति घेण्याचा अधिकार पुरेपूर होता. तरी हे वृद्ध गृहस्थ पुण्याच्या गल्ल्यांतून घरोघर जाऊन बारीकसारीक वर्गणी गोळा करीत, आणि तिची पावती देत. पन्नास वर्षांपूर्वीं मुरुड फंडासाठीं रुपयामागें एक पैसा मागणारा जो तरुण होता, त्याचें माप म्हातारपणींहि बदललें नव्हतें. चरित्राचें पुस्तक मिटतांना मनांत एखादी मोठी प्रतिज्ञा करण्यापेक्षां हें माप घेऊन उठावें, आणि आपल्या मिळकतींतला, आपल्या दिवसांतला तो चौसष्टावा हिस्सा कोठें लावतां येईल, तें घरांतल्या सर्वांना विचारून त्याच महिन्यांत ठरवावें.